रोग्यांच्या साह्यार्थ दौड व तिची तयारी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या महोत्सवाच्या निमित्तानें जे विविध कार्यक्रम योजिले आहेत, त्यांत कर्करोगानें पीडलेल्या रोग्यांच्या साह्यार्थ १० किलोमीटरांची एक दौड काढावी असें ठरलें आहे. आणि त्या दौडीच्या पूर्वतयारीविषयीं चार शब्द सांगण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. विषय ऐकून कित्येकांना हंसूं येईल, हें आम्ही जाणून आहों. "रोग्याला औषध हवें, पैसा हवा, आमच्या धांवण्यानें त्याचें काय होणार? पैसाच जमवावयाचा तर पेटी घेऊन घरोघर फिरलें म्हणजे झालें. त्यासाठीं चार महिने पहाटे उठून घाम गाळण्याचें प्रयोजन काय?" असा प्रश्न ज्यांच्या मनांत आला असेल, त्यांचा तो प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें आम्हांस उचित वाटत नाहीं. परंतु तें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां एका तरुणाच्या चरित्रानें देणें बरें.

कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत पोर्ट कोक्विट्लम नांवाचें एक गांव आहे. तेथें टेरी फॉक्स नांवाचा तरुण राहत असे. त्याचा जन्म २८ जुलै १९५८ रोजीं झाला. बास्केटबॉलच्या खेळाची त्याला मोठी हौस. अंगानें लहान असूनही केवळ चिकाटीच्या बळावर त्यानें शाळेच्या संघांत जागा मिळविली, व पुढें सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या कनिष्ठ संघांतही तो खेळूं लागला. सन १९७७ च्या मार्च महिन्यांत त्याचा उजवा गुडघा असह्य दुखूं लागला म्हणून तपासणी केली, तों हाडाचा कर्करोग निघाला. थोड्याच दिवसांत गुडघ्याच्या वर सुमारें १५ सेंटिमीटरांवर त्याचा पाय कापावा लागला. त्या वेळीं त्याचें वय अवघें १८ वर्षांचें होतें.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं त्याच्या शाळेंतील बास्केटबॉलच्या शिक्षकानें त्याला एक मासिक आणून दिलें. डिक ट्रॉम नांवाच्या एका गृहस्थानें एक पाय कृत्रिम असतांना सन १९७६ मध्यें न्यूयॉर्कची मॅरेथॉन दौड पुरी केली होती, त्याची हकीकत त्यांत छापली होती. दुसरे दिवशीं ज्याचा पाय जावयाचा, त्याच्या हातीं धांवण्याविषयींचें मासिक देणें हें वरवर पाहतां निष्ठुरपणाचें दिसेल; परंतु त्याच रात्रीं त्या मुलाच्या मनांत एक बीज पडलें.

पुढें १६ महिने त्याच्यावर औषधोपचार चालले. त्या काळांत रुग्णालयांत त्यानें जें पाहिलें, त्यानें त्याचें अंतःकरण पालटलें. त्याच्याहून लहान मुलें वेदनेनें कण्हत होतीं. आज शेजारच्या खाटेवर असलेला रोगी उद्यां दिसेनासा होत होता. त्याला डॉक्टरांकडून आणखी एक गोष्ट समजली. त्याच्या रोगांत जगण्याची आशा शंभरांत पन्नास होती. परंतु दोनच वर्षांपूर्वी हीच आशा शंभरांत केवळ पंधरा होती. बंधुभगिनींनो, या दोन आंकड्यांकडे नीट लक्ष द्यावें. दोन वर्षांत रोग सौम्य झाला नव्हता, कीं मनुष्याचें शरीरही बदललें नव्हतें. बदललें तें ज्ञान. आणि ज्ञान हें प्रयोगशाळेंत, पुष्कळ माणसांच्या श्रमानें व पुष्कळ पैशानें वाढत असतें. आपण जगलों तें कोणाच्या तरी संशोधनामुळें, तेव्हां आपल्या मागून येणाऱ्यांसाठीं आपणही कांहीं केलें पाहिजे, हा ऋणाचा विचार त्याच्या मनांत रुजला. आपला देश या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत धांवत ओलांडावा व संशोधनासाठीं निधि गोळा करावा, असा त्यानें निश्चय केला.

आतां आमच्या विषयाचा खरा गाभा येतो. टेरी फॉक्सची ती दौड जगाला ठाऊक आहे. तिच्या पाठीमागची तयारी थोड्यांनाच ठाऊक आहे. सन १९७९ च्या फेब्रुवारींत त्यानें सरावास आरंभ केला. त्या काळचा कृत्रिम पाय चालण्यापुरता बनविलेला असे, धांवण्यासाठीं नव्हे. त्यामुळें कृत्रिम पायाचें एक पाऊल पडलें कीं चांगल्या पायावर दोनदां उडी घ्यावी, अशी एक विलक्षण चाल त्याला बसवावी लागली. तुटलेल्या पायाची कातडी घासून फोड येत, रक्त निघे, बोटांचीं नखें गळून पडत. एक मैल पुरा करावयास त्याला पुष्कळ दिवस लागले. तरीही तो थांबला नाहीं. एका वेळीं तर सतत १०१ दिवस तो धांवला; नाताळच्या दिवशीं मात्र आईनें गळ घातली म्हणून त्यानें विश्रांति घेतली. पुढें दिवसाला २३ मैल धांवण्यापर्यंत त्याची मजल गेली. सुमारें चौदा महिन्यांच्या या तयारींत तो एकंदर ५,००० किलोमीटरांहून अधिक धांवला. म्हणजे पुढें प्रत्यक्ष दौडींत त्यानें जितकें अंतर तोडलें, जवळजवळ तितकेंच अंतर त्यानें आधीं, टाळ्या नसतांना, वर्तमानपत्रांत एक ओळ आलेली नसतांना, तोडलें होतें.

या तयारीच्या काळांत प्रिन्स जॉर्ज या गांवीं १७ मैलांची एक शर्यत झाली. तींत तो सर्वांत शेवटीं आला. त्याच्या पुढचा धांवणारा त्याच्याआधीं सुमारें दहा मिनिटें पोंचला होता. तरी तो शेवटच्या रेषेशीं आला तेव्हां लोकांनीं टाळ्यांचा गजर केला व कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलें. आणि शेवटच्या क्रमांकावर येऊन घरीं परतल्यावर त्यानें आईबापांना आपला देश ओलांडण्याचा बेत सांगितला! ज्याला पहिलें येण्याचाच मोह आहे, त्याला हें धैर्य झालें नसतें.

१२ एप्रिल १९८० रोजीं न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथें अटलांटिक महासागराच्या पाण्यांत त्यानें आपला कृत्रिम पाय बुडविला व पश्चिमेची वाट धरली. एक मित्र गाडी घेऊन सोबत होता. दररोज सुमारें ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक मॅरेथॉन! आरंभीं लोकांचें फारसें लक्ष नव्हतें; कांहीं ठिकाणीं मोटारवाले त्याला रस्त्याबाहेर दाबीत. परंतु पोर्ट ओ बास्क नांवाच्या दहा हजार वस्तीच्या गांवानें दहा हजारांवर डॉलर जमवून दिले, आणि माणशीं एक डॉलर मिळाला तर सबंध देशांतून २ कोटी ४० लक्ष डॉलर जमतील, ही कल्पना त्यांतून पुढें आली. टोरोंटो शहरांत त्याला पाहण्यास दहा हजार लोक लोटले. तो नेहमीं आंखूड चड्डी घालून धांवे. कृत्रिम पाय झांकण्याचा त्यानें कधीं यत्न केला नाहीं. कोणी व्यापारी आपल्या मालाची शिफारस कर म्हणाला, किंवा देणगीला अट लावूं लागला, तर तो ती देणगी नाकारी. या दौडींतून कोणाचाही खासगी लाभ होऊं नये, असा त्याचा दंडक होता.

१४३ दिवस व ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबर १९८० रोजीं, ऑन्टेरिओ प्रांतांतील थंडर बे या शहरानजीक त्याच्या छातींत कळ आली व खोकल्यानें तो बेजार झाला. रोग फुफ्फुसांत पसरला होता. दौड थांबली, पश्चिमेचा समुद्र त्याला धांवत गांठतां आला नाहीं. परंतु फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधि २ कोटी ४१ लक्ष डॉलरांवर गेला. म्हणजे देशांतील प्रत्येक माणसामागें एक डॉलर जमला. तो आंकडा त्यानें जिवंतपणीं ऐकला. २८ जून १९८१ रोजीं, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला असतां, तो निवर्तला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्याच्या नांवानें पहिली दौड झाली व तींत तीन लक्ष लोकांनीं भाग घेतला. ती प्रथा पुढें अनेक देशांत पसरली. मुंबईंतही तिच्या दौडी झाल्या. आजवर त्याच्या नांवानें जमलेला निधि ८० कोटी डॉलरांहून अधिक आहे. या दौडींत शर्यत नाहीं, बक्षीस नाहीं; धांवावें, चालावें, चाकांच्या खुर्चींतून जावें, सर्वांस सारखाच मान. आणि ज्या रोगानें त्याचा पाय गेला, तो हाडाबाहेर पसरला नसेल तर हल्लीं दहांतील सहासात रोगी दीर्घकाळ जगतात, व बहुतेकांचा पायही वांचवितां येतो.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. पेटी फिरवून पैसा जमतो, हें खरें. परंतु पेटींत नाणें टाकणारा एका क्षणांत मोकळा होतो. त्या रोग्याचा विचार त्याच्या मनांत दुसरे दिवशीं राहत नाहीं. जो माणूस चार महिने, आठवड्यांतून चार दिवस, अमुक एका कारणासाठीं अंथरूण सोडतो, त्याच्या मनांत तें कारण घर करून बसतें. तो घरांत त्याविषयीं बोलतो, शेजारी विचारतो, "एवढ्या पहाटे कुठें निघालांत?" आणि त्याला उत्तर द्यावें लागतें. आपल्या वाड्यांतून या रोगाचें नांव अजून दबक्या आवाजांत घेतात. गांठ हाताला लागली तरी कोणी बोलत नाहीं. घरांत रोगी असला तर सोयरिकी मोडतील म्हणून लपवितात. आणि लपविण्यांत जे महिने जातात, तेच पुष्कळदां प्राणावर बेततात. आज या सभेंतही असें ओझें एकट्यानें वाहणारीं माणसें बसलीं असतील. त्यांना आमचें सांगणें एवढेंच कीं, रस्त्यानें धांवणारीं माणसें दिसतील तेव्हां तीं तुमच्यासाठीं धांवत आहेत; तुम्ही मोकळेपणानें हांक मारावी. चार महिन्यांच्या सरावानें एका गांवाचें मौन जरी सुटलें, तरी निधीपूर्वींच आपलें अर्धें कार्य झालें असें आम्ही समजूं.

दुसरें असें कीं, सराव आणि उपचार यांची घडण एकसारखी आहे. कर्करोगावरील औषधें एकदम देत नाहींत. तीं पाळीपाळीनें देतात. एक पाळी झाली कीं कांहीं दिवस थांबतात, कारण औषधानें रोगाबरोबर रक्त तयार करणारी मज्जाही खचते व तिला सांवरण्यास अवकाश लागतो. रक्त तपासून मगच पुढची पाळी. धांवण्याच्या शिक्षणांतही हाच नियम आहे. श्रमानें स्नायु बळकट होत नाहींत. श्रमानंतरच्या विश्रांतींत ते बळकट होतात. ज्याला विसाव्याचा दिवस पाळतां येत नाहीं, त्याचा गुडघा किंवा घोटा लवकरच त्याला घरीं बसवितो. रोग्याला निदान हें तरी कळतें कीं आजचा दिवस काढावयाचा आहे, सबंध वर्ष नव्हे. धांवणाराही हें शिकला म्हणजे रोग्याच्या खाटेपाशीं बसून काय बोलावें, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. टेरी फॉक्सच्या धैर्यापुढें आम्ही नतमस्तक आहों. परंतु त्याचें सर्वच आचरण अनुकरणीय आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. दौडीच्या काळांत त्यानें वैद्यकीय तपासण्या टाळल्या व विश्रांतीचे सल्ले मानले नाहींत. ज्याच्यापाशीं काळच थोडा आहे, त्याचा तो हिशेब निराळा. आपणांस तो लागू नाहीं. ज्यांचें वय चाळिशीपुढें आहे, अथवा ज्यांना हृदयविकार, रक्तदाब वा मधुमेह आहे, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून धांवूं नये. दुसऱ्याच्या रोगासाठीं धांवतांना आपणच रुग्णालयांत जाणें ही सेवा नव्हे.

आतां सरावाचा क्रम सांगतों. दौडीस अजून १६ आठवडे आहेत, व तेवढा अवधि नवख्यासही पुरेसा आहे. पहिले चार आठवडे, आठवड्यांतून चार दिवस, अर्धा तास बाहेर पडावें. एक मिनिट धांवावें, दोन मिनिटें चालावें. पुढील चार आठवड्यांत धांवणें वाढवीत, चालणें कमी करीत जावें. तिसऱ्या चार आठवड्यांत एक दिवस लांब पल्ल्याचा ठेवावा. प्रथम पांच किलोमीटर, मग सहा, मग सात, असा. मागल्या आठवड्याहून एकदम फार वाढवूं नये. शेवटच्या चार आठवड्यांत आठनऊ किलोमीटरांपर्यंत मजल न्यावी, व दौडीच्या आधींचा आठवडा हलका ठेवावा. वेगाची कसोटी सोपी आहे: शेजारच्या माणसाशीं बोलतां आलें पाहिजे, बोलतांना धाप लागली तर वेग जास्त झाला असें समजावें. आपल्या किनाऱ्याकडील दमट हवेंत घाम लवकर वाळत नाहीं व शरीर तापतें; म्हणून ऊन चढण्यापूर्वींच सराव उरकावा व पाणी बरोबर ठेवावें. महागड्या वस्त्रांची गरज नाहीं. बूट मात्र पायाला नीट बसणारे असावेत. ज्यांना धांवणें झेपत नाहीं, अशा आजीआजोबांनीं चालावें. चालणारा हा धांवणाराहून उणा नव्हे.

चालण्याचें महत्त्व रोग्यांनाही आहे, हें नवीन संशोधनानें दाखविलें आहे. कॅनडांतील संशोधकांच्या पुढाकारानें झालेला एक मोठा अभ्यास सन २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व औषधोपचार पुरे झालेले ८८९ रोगी त्यांत होते. निम्म्यांना आरोग्यविषयक पुस्तिका दिली. निम्म्यांना त्याबरोबर तीन वर्षें मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीं व्यायाम करविला. तो व्यायामही आठवड्यांतून तीनचार वेळां पाऊण तास भरभर चालण्याइतकाच. पांच वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्यांपैकीं शेंकडा ८० रोगमुक्त होते, तर दुसऱ्या गटांत शेंकडा ७४. तेव्हां आपल्यांतील ज्यांचे उपचार पुरे झाले आहेत, त्यांना डॉक्टरांनीं अनुमति दिली तर त्यांनींही आमच्याबरोबर यावें. आम्ही त्यांच्या पावलानें चालूं.

निधीचा विनियोग कोठें, हेंही सांगितलें पाहिजे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या सन १९३१ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. पुढें टाटांच्या न्यासाच्या पैशांतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. एका घरच्या दुःखांतून असंख्यांचा आश्रय उभा राहिला. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून तेथें रोगी येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात. औषधाइतकाच प्रश्न राहण्याचा, जेवणाचा व गाडीभाड्याचा असतो. दादर येथील संत गाडगे महाराजांची धर्मशाळा अशा रोग्यांना आसरा देते. पण ज्यांना कोठेंच जागा मिळत नाहीं, ते रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर दिवस काढतात. वसईकडून पहाटेची लोकल धरून उपचारास जाणारा रोगी संध्याकाळीं तरी घरीं परततो. बिहार-बंगालहून आलेल्याचें काय? म्हणून जमलेल्या रकमेचे दोन भाग करावे, एक आपल्या धर्मग्रामांतील गरजू रोग्यांच्या प्रवास-औषधासाठीं व दुसरा बाहेरगांवच्या रोग्यांच्या निवासासाठीं, असें आम्ही सुचवितों. धर्म व जात न पाहतां तो खर्च व्हावा. दौडीस प्रवेशशुल्क नसावें, बक्षीस नसावें. जमाखर्चाचा प्रत्येक रुपया चर्चच्या फलकावर लावावा.

येत्या सोमवारीं पहाटे साडेपांच वाजतां चर्चच्या पटांगणांतून सरावास आरंभ होईल. नांवनोंदणीची वही सभेनंतर दाराशीं ठेविली आहे. वहींत नांव लिहितांना एवढेंच मनांत धरावें कीं, दौडीचा दिवस एकच आहे, पण रोग्याचे दिवस पुष्कळ आहेत. त्या पुष्कळ दिवसांत त्याला सोबत करावयाची ती या सरावानें. जो सर्वांच्या मागें राहील, त्याच्या सोबतीस आम्ही आमच्यांतील दोघे ठेवूं. कोणीही एकटा येणार नाहीं.